गोळीच्या आधीचा ताप

संपादकांचा निरोप आला, की परिचारिकेच्या सेवाभावाबद्दल चार पानं लिहून द्या. मी फोन करून सांगितलं, सेवाभावाबद्दल मला काही लिहिता येणार नाही. मी एकतीस वर्षं नोकरी केली. नोकरी म्हणजे वेळेत ड्यूटीवर यायचं, नाडी मोजायची, ताप बघायचा, जे दिसेल ते केस पेपरवर लिहायचं, आणि लिहिलेलं कुणी वाचत नसेल तर त्याला वाचायला लावायचं. यातलं शेवटचं काम मला कुठल्याही नर्सिंगच्या वर्गात शिकवलं नव्हतं. ते मी एका माणसाच्या मरणातून शिकले. त्याबद्दल लिहू का, असं विचारलं. ते म्हणाले, लिहा.

माझं नाव शमीम. माहेर दौंडचं, रेल्वे कॉलनीतलं. अब्बा लोको शेडमध्ये फिटर होते. पहिली आठ वर्षं मी दौंडलाच एका खाजगी दवाखान्यात काढली. लग्नानंतर शिरूरला आले आणि तिथल्या एका हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डात लागले, ती दोन वर्षांपूर्वी रिटायर होईपर्यंत. अपघात, हर्निया, पित्ताचे खडे, मूळव्याध असं सगळं त्या वॉर्डात यायचं, पण सगळ्यात जास्त भांडणं मी अपेंडिक्सवरून केली. कारण अपेंडिक्सचं ऑपरेशन किरकोळ असतं असं सगळ्यांना वाटतं. पेशंटला वाटतं, नातेवाइकांना वाटतं, आणि सांगायला वाईट वाटतं, पण कधी कधी डॉक्टरांनाही वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला करंगळीएवढी एक शेपटी लोंबत असते. ती तुंबते, सुजते. आधी बेंबीपाशी दुखतं, मग दुखणं उजवीकडे खाली सरकतं. उलटी होते, अन्न नको वाटतं. याच टप्प्यावर माणूस आमच्याकडे आला तर शेपटी कापून काढायची, दोन-तीन दिवसांत माणूस घरी. पण ती फुटली तर आतली घाण पोटभर पसरते, आणि मग ते ऑपरेशन वेगळं, तो पेशंट वेगळा, आणि त्याच्या खाटेपाशी उभी राहणारी सिस्टरही वेगळी लागते.

ऑपरेशन चांगलं झालं की लोक म्हणतात, डॉक्टरांच्या हाताला यश आहे. वाईट झालं की म्हणतात, नशीब. मी वॉर्डात नशीब हा शब्द चालू देत नसे. कुणी म्हटलं की मी विचारायची, दुखायला लागून किती तास झाले होते? मधे काय दिलं होतं? साखरेचा आजार आहे का? वय किती? ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पेशंट चालला का? एवढ्या प्रश्नांची उत्तरं आली की नशिबाला फारशी जागा उरत नाही.

पहिली गोष्ट दौंडची. माझी नोकरी नवी होती. वसंत आप्पा नावाचे रेल्वेतून रिटायर झालेले पॉइंट्समन आमच्याकडे आले होते. वय अडुसष्ट, साखर जुनी. म्हाताऱ्या माणसाचं आणि साखरेच्या पेशंटचं पोट फसवं असतं. आत आग लागलेली असली तरी ते फार बोंब मारत नाही. आप्पा दोन दिवस घरी गॅस समजून ओवा खात बसले आणि मग आले. अपेंडिक्स फुटलेलं होतं. ऑपरेशन झालं. तीन दिवस बरे गेले. ते मला माझ्या अब्बांवरून ओळखायचे. म्हणायचे, "फिटरसाहेबांची पोरगी माझ्या नाडीवर हाय, मला कशाची काळजी?"

चौथ्या दिवशी सकाळी मी नाडी मोजली तर एकशे सोळा. ताप नाही. पोट मऊ. पण आप्पांनी मला दोनदा वेगळ्याच नावानं हाक मारली आणि चहा नको म्हणाले. चहा नको म्हणणारे आप्पा मी कधी पाहिले नव्हते. मी डॉक्टरांना सांगितलं. ते घाईत होते. म्हणाले, म्हातारा माणूस आहे, पडून राहिला की असं होतं, तुम्ही फार विचार करू नका. मी केस पेपरवर नाडी लिहिली आणि गप्प बसले. संध्याकाळी एकशे चोवीस होती. तीही लिहिली. पुन्हा सांगायला गेले नाही, कारण सकाळी बोलणी बसली होती आणि मला, सव्वीस वर्षांच्या पोरीला, पुन्हा जायची लाज वाटत होती. सहाव्या दिवशी आप्पा गेले. पोटात आत पू साठला होता आणि त्याचं विष रक्तात पसरलं होतं.

तक्रार कुणी केली नाही. उलट महिन्याभरानं आप्पांच्या पत्नी दवाखान्यात आल्या, माझा हात धरून म्हणाल्या, "तुम्ही लई केलं वो सिस्टर."  माझ्या अक्षरातला एकशे चोवीसचा आकडा त्या केस पेपरवर होता आणि मी तो लिहून मोकळी झाले होते. त्या दिवसापासून मी स्वतःशी ठरवलं, की लिहून मोकळं व्हायचं नाही. ज्याला कळायला हवं त्याला कळेपर्यंत सांगायचं, मग त्याला राग येवो, मला मेमो मिळो.

मेमो मिळाला. पण त्याला बरीच वर्षं जावी लागली.

केंदूरची सुरेखा शिरूरच्या वॉर्डात आली ती दसऱ्याच्या आधी दहा दिवस. वय चौतीस. दोन मुलांची आई, घरी झेंडू आणि शेवंती. दसऱ्याच्या तोंडावर झेंडूवाल्या घरात कुणाला आजारी पडायला सवड नसते. रविवारी सकाळी फुलं तोडताना तिच्या बेंबीपाशी दुखायला लागलं. तिनं दुकानातली गोळी घेतली आणि तोडत राहिली. सोमवारी चालता येईना म्हणून नवरा दत्ता तिला जवळच्या रस्त्यावरच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. तिथं इंजेक्शन मिळालं, बरं वाटलं, आणि ती परत वावरात गेली. सोमवारी संध्याकाळी पोट दुखायचं अचानक थांबलं. घरच्यांना वाटलं, गुण आला. सासूनं वरण-भात दिला.

दुखणं असं एकाएकी थांबणं ही अपेंडिक्समधली सगळ्यात वाईट बातमी असते. शेपटी फुटते तेव्हा तिच्यातला ताण मोकळा होतो आणि माणसाला काही तास स्वर्गात गेल्यासारखं वाटतं. मग पोट फळीसारखं कडक व्हायला लागतं.

मंगळवारी दुपारी पिकअपमध्ये फुलांच्या क्रेटांच्या मधे बसवून दत्तानं तिला आणलं. केसांत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या, ओठ कोरडे, नाडी एकशे तीस. पोटाला हात लावू देत नव्हती. आमचे सर्जन जाधव सर, हात अतिशय चांगला आणि स्वभाव तापट. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, फुटलंय, आत्ता घ्यायचं.

संमतीचा कागद आला. दत्ता म्हणाला, आबांना विचारलं पाहिजे. आबा म्हणजे त्याचे वडील. ते फुलं घेऊन पुण्याला मार्केटला गेले होते आणि फोन लागत नव्हता. दत्ता वाईट माणूस नव्हता. त्याच्या घरात आजवर एवढा मोठा निर्णय त्यानं कधी घेतलेला नव्हता, एवढंच. तो बाहेर जाऊन सारखा फोन लावत होता. नवीन आलेले ज्युनिअर डॉक्टर कागद घेऊन त्याच्या मागे फिरत होते. अर्धा तास गेला. थिएटर तयार होतं.

मी त्यांच्या हातातला कागद घेतला आणि म्हटलं, पेशंट शुद्धीवर आहे, सज्ञान आहे, सही तिची लागते. ते म्हणाले, पण सिस्टर, पद्धत अशी आहे, की नातेवाइकांची घेतो. मी म्हटलं, पद्धत असेल, नियम तसा नाही. आणि सुरेखाच्या खाटेपाशी गेले. तिला सगळं सांगितलं. काय फुटलंय, काय करणार, काय होऊ शकतं, नाही केलं तर काय होईल.

तिनं डोळे उघडले. म्हणाली, "माजी सही चालती?"

"तुझीच चालते."

"मग द्या हिकडं."

अक्षर थरथरत होतं, पण पूर्ण नाव लिहिलं. वीस मिनिटांत ती थिएटरमध्ये होती. आत दीड-दोन वाट्या पू होता. सरांनी पोट नीट धुऊन काढलं, एक नळी ठेवली, आणि कातडीची जखम मुद्दाम उघडी ठेवली.

संध्याकाळी आबा आले. धोतर, टोपी, मार्केटची धूळ अंगावर. त्यांना आधी सांगण्यात आलं की सूनबाईचं ऑपरेशन त्यांना न विचारता झालं, आणि मग कळलं की पोटावरची जखम शिवलेलीच नाही. ते माझ्यासमोर उभे राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या घरातल्या न्हाई. मग आमच्या घरातला निर्णय तुम्ही कसा घेतला?"

मी म्हटलं, "आबा, मी घेतला नाही. तुमच्या सुनेनं घेतला. आणि ती घरातलीच आहे."

ते वळले आणि खाली ऑफिसात जाऊन लेखी तक्रार देऊन आले. मला त्याचा राग आला नाही. राग आला तो पुढच्या चार दिवसांत, कारण फुटलेल्या अपेंडिक्सचं खरं काम ऑपरेशननंतर सुरू होतं आणि त्या कामात घरचे आडवे पडतात. बाहेरच्यांना हे माहीत नसतं. उघडी जखम बघून सुरेखाची सासू रडायला लागली. मी समजावलं, की घाण पोटातून बाहेर आली आहे, वरून शिवून टाकलं तर आत पिकेल. उघडी असली की रोज साफ करता येते, चार दिवसांनी शिवू. दुसऱ्या दिवशी मी सुरेखाला उठवून चालवलं, तर सासू म्हणाली, "ताजं पोट फाडलंय आन् तुम्ही तिला पळवताय व्हय?" मी म्हटलं, पळवत नाही, पाच पावलं. पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पायात रक्त गोठतं, आतडी झोपून राहतात. चालणारा पेशंट आणि न चालणारा पेशंट यांच्यात आठव्या दिवशी किती फरक असतो ते मला डोळे मिटून सांगता येतं.

सुरेखा चालली. दात आवळून, सलाईनचा स्टँड धरून, पण चालली. चौथ्या दिवशी नळी निघाली. पाचव्या दिवशी जखम शिवली, मऊ भात सुरू झाला. सहाव्या दिवशी सकाळच्या राउंडला सरांनी जखम बघितली, तापाचा तक्ता बघितला, सगळं सरळ रेषेत. उद्या डिस्चार्ज, म्हणाले. दसरा चार दिवसांवर होता. दत्ताचा चेहरा फुलला. आबाही पहिल्यांदा खाटेजवळ येऊन बसले.

राउंड संपल्यावर आमच्या वॉर्डातल्या हिराबाई मावशी फरशी पुसता पुसता माझ्याजवळ आल्या. मावशींचं शिक्षण चौथी, पण कुठला पेशंट जेवला, कुठला रडला, कुठला लपून बिडी ओढतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसे. म्हणाल्या, "सिस्टर, ती केंदूरची बाई सकाळधरनं चार टाइम संडासला जाऊन आली. नुस्ती आव पडतीय म्हणं. आन् लघवीला बी सारखी जाती."

हे साधे जुलाब नसावेत. पोटातली घाण खाली कमरेच्या खोलगट भागात साठली की ती आतड्याच्या शेवटच्या टोकावर आणि लघवीच्या पिशवीवर दाबते. बाईला वाटतं जुलाब लागले. पोट वरून मऊच असतं, जखम कोरडी असते, सगळं छान दिसतं.

पण ताप? तक्त्यात ताप नव्हता. मी तक्ता हातात घेऊन उभी राहिले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुखण्यासाठी तिला पॅरासिटामॉलची गोळी चालू होती, दुपारी दोनला. आणि दुपारचा ताप आम्ही बघायचो चारला. गोळीनं ताप उतरल्यावर आम्ही ताप मोजत होतो आणि नाही म्हणून लिहीत होतो. माझ्याच वॉर्डात, माझ्याच सह्यांनी. इतकी वर्षं.

त्या दिवशी मी दीड वाजता थर्मामीटर लावला. एकशे एक पॉइंट आठ. नाडी एकशे दहा.

सर ओपीडीत होते, बाहेर भरपूर गर्दी. मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, एवढी अँटिबायोटिक दिल्यावर जुलाब होतातच, ताप एकदाच दिसलाय, उद्या सकाळी बघू. मी म्हटलं, सर, आज बघा. त्यांनी फोन ठेवला. थोड्या वेळानं खालून डिस्चार्ज कार्ड भरून वर आलं, म्हणजे सकाळी वेळ जायला नको. त्यावर वॉर्ड सिस्टरची सही लागते.

मी सही केली नाही. कार्ड तसंच परत पाठवलं आणि सोबत चिठ्ठी दिली: गोळीच्या आधीचा ताप १०१.८, नाडी ११०, आव चार वेळा, लघवी वारंवार. या पेशंटच्या डिस्चार्जवर मी सही करणार नाही, हवं तर माझ्या जागी दुसरी सिस्टर द्यावी.

 मॅट्रननं फोन करून सांगितलं, शमीम, कार्ड परत मागव, तुझ्यावर आधीच एक तक्रार आहे. मी म्हटलं, मॅडम, दोन झाल्या तर दोन.

पाऊण तासानं सर वर आले. चेहरा लाल. वॉर्डात वीस माणसं बघत होती. ते मोठ्यानं म्हणाले, "सिस्टर, इथं सर्जन कोण आहे?"

"तुम्ही आहात सर. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

 त्यांनी हातमोजे मागितले. पडदा ओढला. खालच्या वाटेनं, म्हणजे गुदद्वारातून, बोट घालून तपासलं तेव्हा सुरेखा कळवळली. सर बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला होता. एवढंच म्हणाले, सोनोग्राफी, लगेच. सोनोग्राफीत कमरेच्या भागात मोसंबीएवढा पू दिसला.

तो त्याच संध्याकाळी काढायचा ठरलं. पुन्हा भूल, पुन्हा संमतीचा कागद. दत्ता पेन शोधायला खिसे चाचपत होता. तेवढ्यात आबा उठले, फळीला लावलेला तो कागद त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि सुरेखाच्या समोर धरला, तिला पडल्या पडल्या लिहिता यावं म्हणून. फळी हलू नये म्हणून दुसरा हात खालून लावला. तिनं सही केली.  

पोट पुन्हा उघडावं लागलं नाही. खालच्या वाटेनंच पू काढला, आणि दुसऱ्या दिवशी दीड वाजता ताप नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता. दसरा तिनं वॉर्डात काढला. दत्तानं सकाळी झेंडूच्या माळा आणून प्रत्येक खाटेला बांधल्या. दुसऱ्या दिवशी, म्हणजे अकराव्या दिवशी, ती स्वतःच्या पायांनी जिना उतरून गेली. ती सातव्या दिवशीच घरी गेली असती, केंदूरला, त्या दसऱ्याच्या गर्दीत, रोज गोळीखाली ताप लपवत, तर काय झालं असतं ते मला कुणी सांगायची गरज नाही. मी ते दौंडला पाहिलं होतं.

मेमो तिच्या डिस्चार्जनंतर तिसऱ्या दिवशी आला. दोन मुद्दे. नातेवाइकांशी अनुचित बोलणं, आणि वरिष्ठांशी उद्धट वर्तन. माफीनामा लिहून द्यावा. सरांनी माझी बाजू घेतली असं लिहायला मला आवडलं असतं. घेतली नाही. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, प्रशासनाचा विषय आहे. मी माफीनामा दिला नाही. त्याऐवजी सुरेखाचा सहा दिवसांचा ताप आणि नाडी एका कागदावर उतरवून काढली, गोळीची वेळ लाल शाईनं लिहिली, आणि खाली लिहिलं की ही चूक माझ्या वॉर्डाची आहे, तापाची वेळ बदलावी. ती चूक मी कबूल करते. बाकीच्या दोन मुद्द्यांवर मला काही म्हणायचं नाही. मेमो कुणी मागे घेतला नाही. माझ्या सर्व्हिस फाइलमध्ये तो असेल अजून. असू दे. माझ्या नोकरीत मला मिळालेल्या सगळ्या कागदांमध्ये मला त्याचाच अभिमान आहे.

पण पुढच्या सोमवारी राउंड सुरू झाला तेव्हा पहिल्या खाटेपाशी सर थांबले, तक्ता हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "गोळीच्या आधीचा ताप किती?" मग दुसऱ्या खाटेला तेच. तिसऱ्या खाटेला तेच. रिटायर होईपर्यंत त्यांनी एकदाही तो प्रश्न चुकवला नाही. आम्ही त्या प्रकरणावर पुन्हा कधी बोललो नाही. काही माणसांची माफी मागायची रीत अशी असते आणि मला ती पुरली.

एक काम राहिलं होतं. सुट्टीच्या दिवशी मी एसटीनं गेले आणि सुरेखाला सोमवारी इंजेक्शन देणाऱ्या त्या दवाखान्यात जाऊन बसले. नंबर लावला. डॉक्टर पन्नाशीचे, थकलेले, बाहेर चाळीस माणसं. मी कोण ते सांगितलं. ते आधी कडक झाले, मग म्हणाले, सिस्टर, मी इंजेक्शन दिलं नसतं तर ते पुढच्या दवाखान्यात गेले असते. इथं लोकांना तपासणी नको, इंजेक्शन हवं असतं. शिरूरला जा म्हटलं की म्हणतात, डॉक्टरला काही येत नाही.

खोटं बोलत नव्हते. मीही त्यांना दोष द्यायला गेले नव्हते, असं आज म्हणते. त्या दिवशी गेले होते. पण मी म्हटलं, इंजेक्शन द्या. दुखणं थांबवण्यात काही चूक नाही. फक्त थांबलं म्हणून घरी पाठवू नका. बेंबीपाशी दुखून उजवीकडे सरकलं असेल तर एका कागदावर वेळ लिहा, दुखणं केव्हा सुरू झालं आणि तुम्ही काय दिलं, आणि तो कागद पेशंटच्या हातात देऊन आमच्याकडे पाठवा. आम्ही तुम्हाला नावं ठेवणार नाही, मी स्वतः बघते.  महिन्याभरात त्यांच्या अक्षरातली पहिली चिठ्ठी वॉर्डात आली. मग येत राहिल्या. चिठ्ठी घेऊन आलेल्यांपैकी किती जणांचं अपेंडिक्स फुटलेलं नव्हतं, ते मी मोजलं नाही. वॉर्डात फरक पडलेला मला दिसत होता.

डिस्चार्जनंतर तपासणीला आली तेव्हा सुरेखाला मी एकदा विचारलं होतं, की तुला स्वतःला केव्हा वाटलं होतं दवाखान्यात जावं असं? ती म्हणाली, "रईवारीच. फुलं तोडता तोडता. ही साधी कळ न्हाई हे मला कळत हुतं." मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "सगळ्यांनी मला इचारलं, जरा बरं हाय का? व्हय म्हणायचं असतं ना त्याला."

हे वाक्य मी त्या दिवसापासून विसरले नाही. फुटलेल्या अपेंडिक्सची कारणं डॉक्टर सांगतात ती सगळी खरी. वय, साखर, तास, उशिरा मिळालेली औषधं. पण त्यांच्या आधी, कुठल्याच केस पेपरवर जागा नसलेलं एक कारण असतं, की दुखणाऱ्या माणसाला घरात कुणासमोर, बरं नाही, असं म्हणता येत नाही. त्याला औषध माझ्याकडे नव्हतं. माझी पोच फक्त माझ्या वॉर्डातल्या खाटेपर्यंत.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी दीडच्या सुमाराला अपघात विभागातून फोन आला, की केंदूरची एक बाई तुम्हालाच विचारतेय. मी खाली गेले. बाहेर उन्हात एक स्कूटी उभी होती आणि सुरेखा एका ओणव्या झालेल्या बाईला धरून आत आणत होती. शेजारच्या वस्तीवरची, नाव मंगल, लग्नाला वर्ष झालेली पोर. स्कूटी सुरेखानं बरी झाल्यावर शिकून घेतली होती. बरोबर एकही पुरुष नव्हता.

मी विचारायच्या आतच सुरेखानं सांगायला सुरुवात केली. "सकाळी सातला बेंबीपाशी दुखायला लागलं. आता उजवीकडं हाय. एकदा उलटी झाली. गोळी न्हाई, इंजेक्शन न्हाई, पाणी बी न्हाई."

ज्युनिअर डॉक्टर कागद घेऊन आले. त्यांनी विचारलं, पेशंटच्या घरी कळवलंय का?

सुरेखानं मंगलला बाकावर टेकवलं, पदरानं तिचा घाम पुसला आणि म्हणाली, "कळवू की. आधी तिला घ्या."